व्हर्लिनचा उजवा डोळा

ओमाहात परीक्षा देऊन, नेत्ररोगांतलं विशेष प्रमाणपत्र मिळवून मार्लीन ड्वाइटच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला परतली, तर म्हातारा व्हर्लिन दारातच बसलेला. “तू नव्हतीस तेव्हा उजव्या डोळ्यात विजा चमकायला लागल्या, पोरी. ड्वाइट म्हणाला, नवा चष्मा घ्या, थांबेल. आता काळी सावली उतरलीय.” तिने तपासलं, डोळ्याचा पडदा सुटला होता. ती ड्वाइटवर कडाडली, “विजा दिसतात म्हटल्यावर त्याच दिवशी इस्पितळात पाठवायचं असतं! तू चष्मा विकलास?” “मी दुकानदार. डॉक्टरीण तू,” तो हसला. “गिऱ्हाइकं खोळंबलीत.” “त्यांना सांग, मी नोकरी सोडली,” म्हणत तिने व्हर्लिनला गाडीत बसवलं. शस्त्रक्रिया झाली, पण डोळा गेलाच. परतताना व्हर्लिन म्हणाला, “ड्वाइटवर चिडू नकोस गं. मी शाळेची बस चालवायचो, तेव्हा माझ्याच बसने जायचा. गुणी पोर होतं.”