चौऱ्याऐंशी

उल्का दामले विमानाच्या चाकापुढच्या लाकडी ठोकळ्यावर बसली आणि तिनं ओव्हरकोट गुडघ्यांवर नीट ओढून घेतला.

"उठा, फ्रॉयलाइन दामले," मालवाहतुकीचे साहेब क्रोल म्हणाले. "ठोकळे काढायचेत. विमान निघायचंय."

"निघणार नाही. आधी एक पेटी काट्यावर ठेवा."

दुपारचे दोन वाजले होते. १९६१ सालचा फेब्रुवारी, कोलोनचा विमानतळ, आणि वारा असा की नाक आहे की गळून पडलं हे चाचपून बघावं लागत होतं. पलीकडे एक कोरं करकरीत जेट तोऱ्यात उभं होतं. इकडे हे दोन पंख्यांचं जुनं डाकोटा, शेपूट जमिनीला टेकून बसलेलं. म्हातारी म्हणायचे सगळे तिला. तरी रोज हॅम्बुर्गला जायची आणि यायची, पुढे पेट्या आणि मागे माणसं घेऊन. उल्काचा तिच्यावर जीव होता. आखेनला विमानांच्या पंखांवर डॉक्टरेट करणारी ही पुण्याची मुलगी सुट्टीत इथे सामानाच्या वजनाचे कागद करायची.

आजचा कागद मात्र घाईत क्रोलसाहेबांनी स्वतःच भरला होता. विमानात नेऊन देताना उल्कानं तो पाहिला. पेट्या पंचवीस, प्रत्येकी अठ्ठेचाळीस किलो. तिनं चाकाकडे पाहिलं, तर टायर नेहमीपेक्षा चांगलं दोन बोटं दबलेलं. पुढचं काही कोणाला विचारायच्या भानगडीत ती पडली नाही. तिनं सरळ ठिय्या दिला.

"सकाळी कारखान्याचा फोन कॅप्टन डॉसननी घेतला," ती म्हणाली. "मी शेजारच्या टेबलावर होते. ते मोठ्यानं म्हणाले, फीर-उंड-आख्टसिग. आणि चिठ्ठीवर लिहिलं अठ्ठेचाळीस. तीच चिठ्ठी तुम्ही उतरवून घेतलीत."

क्रोल हसले. "जर्मन आकडे तुम्ही मला शिकवणार?"

"तुम्हाला कशाला? लिहिलं इंग्रजानं. त्यांच्यात आधी दशक बोलतात, मग एकक; तुमच्यात उलटं. त्यांना आधी चार ऐकू आला, त्यांनी आधी चार लिहिला."

"हे बघा, इंग्रजी शाळा तुमच्याही देशात होत्या. गफलत तुमचीच झाली असेल."

"माझी होणार नाही," उल्का म्हणाली. "चौऱ्याऐंशी. म्हणून बघा. चौऱ्या म्हणजे फीर, ऐंशी म्हणजे आख्टसिग. माझ्या आईनं मला चार आधीच शिकवलाय."

क्रोलना ते म्हणता आलं नसतं. त्यांनी प्रयत्नही केला नाही. घड्याळ पाहिलं आणि आवाज चढवला. "युद्धात या म्हातारीनं याच्या दुप्पट ओझं वाहिलंय!"

आता मात्र उल्काचं डोकं फिरलं.

"म्हणून आज तिला मारायचं? नऊशे किलो जास्त आहे आत. आणि नऊ माणसं. ही पडली तर उद्या सगळे काय म्हणतील? जुनी होती, म्हणतील. तुमची चिठ्ठी कोणी बघणार नाही. तिचंच नाव बद्दू होईल. मी नाही उठत. उचला मला, हिंमत असेल तर."

सामान चढवणारे दोघं इटालियन हातगाडीला टेकून ऐकत होते. विमानाच्या खिडक्यांतून माणसं डोकावायला लागली. हॅट घातलेल्या एका बाईनं तर काचेला नाकच लावलं. परक्या देशातल्या एकट्या पोरीला उचलायची हिंमत क्रोलसाहेबांना काही झाली नाही.

तेवढ्यात वरची छोटी खिडकी सरकली आणि कॅप्टन डॉसनचं लालबुंद तोंड बाहेर आलं. "काय अडलंय?"

"तुमचा आकडा!" उल्का खालून ओरडली. "उलटा लिहिलात!"

डॉसनचा चेहरा पडला. खिडकी बंद झाली आणि मिनिटाभरात ते स्वतःच खाली आले. एक पेटी उतरवायला त्यांनीही हात लावला. अठ्ठेचाळीस किलोच्या मानानं ती फारच हटवादी निघाली.

ती काट्यावर ठेवली. काटा पन्नासच्या पुढे गेला, सत्तरच्या पुढे गेला आणि चौऱ्याऐंशीवर थांबला.

इटालियन न सांगता कामाला लागले. अकरा पेट्या उतरवल्या तेव्हा कुठे कागदावरचं वजन आणि पोटातलं वजन जुळलं. उल्का ठोकळ्यावरून उठली. पाय पार बधिर झाले होते, पण ते तिनं कोणाला कळू दिलं नाही.

"सगळ्यांसमोर शोभा केलीत माझी," क्रोल तिच्याकडे न बघता म्हणाले. "सोमवारपासून येऊ नका."

"सोमवारी आठला येते," उल्का म्हणाली. "या अकरा पेट्या इथंच राहिल्यात. त्यांचा कागद तुमच्यावर सोपवून मी घरी झोपू?"

तिनं स्वतःच दोरी ओढून ठोकळे काढले आणि बाजूला झाली. एक इंजिन खोकलं, त्यानं धूर ओकला, मग दुसरं. म्हातारी थरथरत सुरू झाली. हलायच्या आधी खिडकी पुन्हा सरकली. डॉसननी हातमोजा काढून एक हात बाहेर काढला आणि उल्काला चार बोटं दाखवली.

मग दोन्ही हात बाहेर काढून आठ, अगदी तिच्या आईनं शिकवलेल्या क्रमानं.