दुसरी काच

"साहेब, तुम्ही या बाईच्या हातावर कापूस पिकवलाय."

प्रयोगशाळेतल्या ताईने हे उभ्याउभ्याच सुनावलं. मोठ्या डॉक्टरांनी कॉलरीत बोट घालून मान खाजवली. दाराशी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या मावशी उभ्या होत्या, मनगटावरचा गोल लाल चट्टा बाहीखाली दडवून. पंधरा वर्षं दोनशे पोरांना पोटभर जेवू घातलेली बाई आठ दिवस घरी बसून होती. साहेबांनी कागदावर लिहिलं होतं, 'बुरशी, इतरांना लागण होईल.' उद्या तिच्या जागी दुसरी बाई येणार होती.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" साहेब म्हणाले. "चट्टा गोल आहे. बुरशीच."

"आरसा नको. भिंगातून बघा."

साहेबांची घाई ताईला पाठ होती. चट्टा कापसाने पुसायचा, लगेच तिथलीच कातडी खरवडून काचेवर घ्यायची. औषधाच्या थेंबात ती विरघळायला वीस मिनिटं लागतात, साहेब दोन मिनिटांत भिंगाला डोळा लावणार. दिसला धागा, मारला शिक्का. तीन वर्षं ताईने असले रिपोर्ट गुमान टाइप केले होते. या वेळी तिने तीच काच पुन्हा बघितली. धागा होता, पण पिळलेल्या फितीसारखा, ना फांदी ना पेर. निव्वळ कापूस.

"मावशींना भांड्यांचा साबण बाधलाय," ती म्हणाली. "आता ही दुसरी काच बघा."

साहेब वाकले. बघता बघता खुलले.

"हे बघ! धाग्यांना फांद्या फुटल्यात, मधे आडव्या भिंती. अस्सल बुरशी! मी काय बोंबलून सांगत होतो? ज्याची ही काच, त्याला आजच घरी बसवा. स्वयंपाकघराकडे फिरकूही देऊ नका."

मावशींनी बाही आणखी खाली ओढली.

"ही काच मावशींची नाही," ताई म्हणाली. "काल तुम्हीच मान पुढे केली होती. म्हणालात, घामोळं आहे, सहज बघून टाक."

साहेबांचं बोट कॉलरीतच राहिलं. दर सोमवारी मावशींच्या स्वयंपाकघरात पातेल्यात डाव घालून चव बघायला हेच जायचे.

ताईने कोरा कागद पुढे सरकवला. वर पेन ठेवलं.

"मग उद्यापासून घरी कोण बसणार, साहेब? नाव लिहून द्या."