फोनला हुंकार

रुख्मिणीकाकूचं मला फार कौतुक. अनसिंगच्या शेतात हळद निंदताना ती मोबाइलवर गोष्टीचा व्हिडिओ लावते, स्क्रीन बंद करून फोन कमरेला खोचते आणि आतल्या बाईला वाक्यागणिक हुंकार देते. खुरपं थांबत नाही, हुंकार चुकत नाही.

"सांगनाऱ्याले एकटं सोडू नये, अंजू," म्हणते.

काल फोन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ठेवून ती पाणी प्यायला गेली. गोष्ट अर्ध्या वाक्यात थांबली.

रेंज गेली असेल म्हणून मी फोन उचलून स्क्रीन चालू केली. व्हिडिओ पुढे सरकत होता. बाई मात्र गप्प बसून समोर बघत होती.

गमतीनं मीच म्हटलं, "हूं."

"तू नाही, अंजू," बाई म्हणाली. "तिले बोलाव."