नेहमीची जागा

बेल्जियममधल्या ईपरजवळच्या आमच्या शेतात दर एप्रिलला डेझमंड आणि अ‍ॅव्हरिल हे म्हातारं इंग्रज जोडपं आपली घरगाडी घेऊन यायचं. गाडी कोपऱ्यातल्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर लावायची आणि दिवसभर सायकलींवरून आसपासच्या गावांतल्या सैनिकांच्या दफनभूमी पालथ्या घालायच्या, असं अकरा वर्षं चाललं. अ‍ॅव्हरिलचे आजोबा पहिल्या महायुद्धात इथेच गेले होते, पण त्यांची कबर काही सापडत नव्हती.

यंदा डेझमंड एकटेच आले. गाडीमागे सायकली मात्र दोन.

"तिची कशाला आणलीत?" मी विचारलं.

"घरी ठेवून निघवेना, गोडलीव्ह." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. "तिच्या आजोबांचा पलटणीतला नंबर. ती गेल्यावर आठवड्याने लष्कराच्या कचेरीतून पत्र आलं. कुठे दिसला तर सांगा."

चिठ्ठी वाचून मी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. हाच नंबर ठोकलेला चमचा माझ्या फडताळात आहे. मी लहान असताना बाबांच्या नांगराला तो हाडांबरोबर लागला होता. सरकारला कळवलं तर ऐन पेरणीत शेत खणत बसतील, म्हणून बाबांनी हाडं तिथेच पुरली आणि वर काँक्रीट ओतलं.

डेझमंड गाडीची किल्ली घेऊन उठले.



"नेहमीच्याच जागी लावतो. घरी लागत नाही अशी झोप इथे लागते, म्हणायची ती."