अक्कांची खात्री

मधातून एक जंतू तान्ह्या बाळाच्या आतड्यात शिरतो आणि त्याचं अंग लुळं पाडतो. शालननं तो जंतू गारगोटीकडच्या मधात पकडला होता, आणि त्याच्या कुठल्या प्रथिनापासून लस होईल ते ती शाहूपुरीतल्या एका लहानशा प्रयोगशाळेत शोधत होती.

अशात तिचंच चार महिन्यांचं पोर परवापासून दूध ओढेना, मान धरेना. पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय डॉक्टरांचा हात चालेना. दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालून घालून ती शेवटी सासूपुढं उभी राहिली.

"अक्का, खरं सांगा. बाळाला मध चाटवलासा?"

"चाटिवला की! पर बाजारातला न्हाय हां. त्येचा भरवसा न्हाय, तूच म्हनलीस."

"मग कुठला?"

अक्का जरा ताठ बसल्या. औंदाच प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकल्यापासून त्या दिसेल ती चिठ्ठी बोट ठेवून वाचत.



"तुझ्या पिशवीतल्या बाटलीतला. वर तुझ्याच हातानं 'गारगोटी, तपासलेला' असं लिवलं हुतं. दोनदा वाचलं, मगच दिला."