जादा कापड

यवतेश्वरचा घाट सायकलवरून उतरताना वल्लरीच्या जाकिटात वारं शिरायचं आणि ती काकडायची. चौदा किलो वजन उतरल्यापासून जाकीट अंगावर झोळीसारखं लोंबत होतं. शिंपीण रंगुबाईनं दुकानात जाकिटावर खडूनं रेघ ओढून विचारलं, “ताई, जादा कापड कापू का आत दुमडू?” “दुमडा,” वल्लरी घाईनं म्हणाली. याआधी दोनदा ती बारीक होऊन पुन्हा सुटली होती आणि ब्लाऊज उसवून घ्यायला इथंच आली होती. “आवं, दुमडलं तर सायकलवर वाकताना काखंत लय टोचंल.” खडूच्या रेघेवर बोट फिरवत वल्लरी म्हणाली, “कापा.” कात्री चालली. दोन पट्ट्या फरशीवर पडल्या. रंगुबाईनं केरसुणी उचलली, तशी वल्लरी पटकन वाकली. पट्ट्यांची घडी घालून तिनं पर्समध्ये ठेवली. रंगुबाई हसली नाही. तिनं त्याच रंगाच्या दोऱ्याचं रीळ पुढं केलं. “हे बी असू द्या.”