कोंडामावशींचा कांदा

शिवकन्या शाळेत असताना सूक्ष्मदर्शकापुढच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभी असायची, आणि तिची पाळी आली की शिपाई कोंडामावशी नेमकी घंटा बडवायच्या. तो राग तिनं अजून सोडला नव्हता. आता पालमच्या त्याच शाळेत ती विज्ञानाची बाई झाली होती. शेतातल्या पाइपाचा तुकडा कापून तिनं त्या जुन्या सूक्ष्मदर्शकावर डिजिटल कॅमेरा बसवला आणि कांद्याचा पापुद्रा टीव्हीभर पसरला. घंटा द्यायला निघालेल्या मावशी दारातच थबकल्या. “अगं माय! ह्या विटा कुणी रचल्या?” “मावशी, सकाळी तुमीच आणलेला कांदा हाय हा.” “लय वर्षांपासून मीच आणायले, पर आत काय हाय कुणी दावलंच न्हाई.” शिवकन्येनं आपली खुर्ची टीव्हीपुढे सरकवली. घंटेचा हातोडा मांडीवर ठेवून मावशी बघत बसल्या. त्या दिवशी तो तास संपल्याची घंटा झालीच नाही.